लॅब्रॅडॉर की गावठी? नागपुरात राहायचं, तर आधी मे महिना आठवा

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. इथल्याच बेसा भागात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, सासूबाई घरी, ६ आणि ९ वर्षांची दोन मुलं. "मामा, पिल्लू पाहून राहिलो आम्ही. पोरांना लॅबच पाहिजे. सासूबाई म्हणतात, घ्यायचंच आहे तर गावठी घ्या. तुमच्याकडे दोन्ही होते, तुम्हीच सांगा."

दोन्ही होते हे खरं. ब्रुनो, फिकट पिवळा लॅब्रॅडॉर, आमच्याकडे साडेअकरा वर्षं राहिला. चिंगी प्रतापनगरच्या आमच्या गल्लीत नालीच्या कडेला सापडलेली, तांबूस रंगाची गावठी. ती आता ७ वर्षांची आहे. चार वर्षं दोघं एका घरात नांदले. तेच ऊन, तोच कुलर, तोच डॉक्टर. त्यामुळे दोघांतला फरक रोज डोळ्यांसमोर दिसायचा. फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून लिहून काढतोय. असाच विचार करणारी बरीच घरं नागपुरात असतील.

माझं म्हणणं एवढंच की कुत्रं पिल्लाच्या चेहऱ्यावरून निवडू नका, मे महिन्यावरून निवडा. पुण्याची किंवा बंगळूरची माणसं काय सांगतात ते इथे फारसं लागू पडत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवाटे बाहेर टाकायची. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. बाहेर ४५ अंश सेल्सिअस असताना हवाच अंगापेक्षा गरम असते. तेव्हा त्या बिचाऱ्याकडे जीभ आणि ओली फरशी याशिवाय काही उरत नाही.

लॅब्रॅडॉर मूळचा कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा. मच्छीमारांबरोबर थंडगार पाण्यात उतरून जाळी ओढणारं जनावर. म्हणून त्याच्या केसांचे दोन थर असतात: वर तेलकट राठ केस आणि खाली दाट लोकर. अंगावर चरबीही लवकर चढते. ब्रुनो एप्रिल लागला की कुलरसमोरच्या मोझॅकवर चारी पाय पसरून पालथा पडायचा. उठला की फरशीवर त्याच्या पोटाच्या आकाराचा दमट डाग राहायचा. पाच मिनिटांनी ती जागा गरम झाली की दोन फूट सरकून पुन्हा पालथा. दुपारभर घरात असे डाग उमटत जायचे.

चिंगीला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण तिची तऱ्हाच वेगळी. मागच्या खिडकीतल्या कुलरचं पाणी जिथे ठिबकतं, तिथली माती तिनं पहिल्याच उन्हाळ्यात उकरली आणि कोपरभर खड्ड्यात जाऊन बसली. सकाळी सातनंतर ती आपणहून सावली सोडत नाही. अंगावर आखूड केसांचा पातळ थर, सडपातळ शरीर, उभे कान. पिढ्यान् पिढ्या याच उन्हात तगलेलं कुत्रं आहे ते. याचा अर्थ तिला ऊन लागत नाही असा घेऊ नका. गच्चीवर बांधलं तर तीही दगावेल. फरक इतकाच की तिच्याबाबतीत चूक सावरायला तुम्हाला थोडी सवड मिळते, लॅबच्या बाबतीत मिळत नाही.

ही चूक मी केली आहे. ब्रुनो ६ वर्षांचा असताना मेच्या अखेरीस घरी पाहुणे होते आणि फिरायला न्यायला साडेसात वाजले. अर्ध्या तासानं गल्लीच्या कोपऱ्यावर तो खाली बसला. जीभ रुंद, जांभळट लाल, लाळ चिकट तारेसारखी. उचलून घरी आणला आणि नळ सोडला, तर टाकीचं पाणी आठ वाजताच कोमट! शेवटी माठ रिकामा केला, मांड्यांवर, पोटावर, पंजांवर पाणी ओतलं, टेबलफॅन लावला आणि मग ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. तिथे पोचेपर्यंत गार होऊनही ताप १०५ होता. वाचला, पण तीन दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले, तसाच तडक आणला असता तर हाती लागला नसता. तेव्हापासून मार्च ते जून जिन्याखाली झाकलेली पाण्याची बादली असते, दोन्ही वेळेला बदललेली. कुत्रं कोणतंही घ्या, ही बादली आधी भरून ठेवा.

कुलरचंही सांगून ठेवतो. लोखंडी कुलर, खाली ओली फरशी आणि टाकीतलं पाणी चाटणारं कुत्रं, असा सगळा मामला असतो. अर्थिंग नीट नसेल तर जीव जातो. पिल्लू आणण्यापूर्वी इलेक्ट्रिशियन बोलावून घ्या.

आता उरलेल्या जातींबद्दल. हस्की इथे आणू नये. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारं कुत्रं सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर मी पाहिलं आहे, आणि पाहवलं नाही. पगचं नाक इतकं चपटं की त्याला धाप टाकूनही गारवा मिळत नाही, आणि कुत्र्याकडे तोच एक उपाय असतो. जर्मन शेफर्ड घरच्या मोठ्या माणसाला रोजचे दोन तास देता येत असतील तरच. मोठं अंगण असेल तर मात्र कारवानचा, म्हणजे मुधोळ हाउंडचा, विचार जरूर करा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला हा शिकारी कुत्रा, २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं होतं. ऊन सोसतो, जेवण बेताचं. पण त्याला धावायला मोकळं रान लागतं. चौथ्या मजल्यावर तो कोंडल्यासारखा होईल. त्यामुळे भाचीपुरता प्रश्न लॅब आणि गावठी एवढाच राहतो.

स्वभावात लॅब पुढे, यात वाद नाही. ब्रुनोच्या ताटात माझ्या पुतण्यानं हात घातला तरी तो मागे सरकून वाट पाहायचा. गॅसवाला, पेपरवाला, निवडणुकीचे कार्यकर्ते, सगळ्यांसमोर शेपूट. शिकवायला सोपा, कारण खाण्यासाठी काहीही करेल. त्याचंही कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्याचं पोट भरतं पण मन भरत नाही. ज्या घरात आजी प्रेमानं पोळीचा घास टाकते, तिथे हा लॅब दोन वर्षांत फुगतो आणि फुगलेल्या लॅबला नागपूरचा उन्हाळा दुप्पट भारी पडतो. भाचीच्या सासूबाई तशाच मायाळू आहेत.

चिंगी घरच्या माणसांवर जीव टाकते, बाहेरच्याला मात्र दहा वेळा हुंगल्याशिवाय आत येऊ देत नाही. राखणीला ती उत्तम, पण फ्लॅटमध्ये लिफ्टचं दार वाजलं तरी भुंकेल. गावठी पिल्लू घ्यायचं तर दोन-तीन महिन्यांचं असतानाच घ्या आणि पहिले काही आठवडे रोज नवी माणसं, मुलं, सायकली, वॉचमन यांची ओळख करून द्या. नव्याशी जुळवून घ्यायचं हे वय तीन-साडेतीन महिन्यांत सरत जातं. तेव्हा आळस केला, तर पुढे ‘गावठी चावरी असतात’ म्हणून कुत्र्यालाच दोष लागतो.

खाण्याचा हिशोब साधा आहे. ब्रुनो ३४ किलोचा होता, २० किलोची पिशवी त्याला जेमतेम दोन महिने जायची. १६ किलोच्या चिंगीला तीच पिशवी तीन महिन्यांहून जास्त पुरते. दोघांनाही सावजी रस्स्यातली हाडं कधी दिली नाहीत. शिजलेलं हाड फुटून आतडं फाडतं, आणि कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा. तर्री-पोह्यांचंही तेच. संत्र्याची बी काढलेली एखादी फोड चालते आणि आमच्याकडे दोघांनाही आवडायची.

दुखण्यांत लॅब महाग पडतो. लोंबत्या कानांत पावसाळाभर ओल राहून कान सडतात, आणि मागचे सांधे म्हातारपणी धरतात. ब्रुनोची शेवटची दीड वर्षं मी आणि माझा मुलगा त्याला चादरीच्या झोळीत घालून ओट्याच्या चार पायऱ्या उतरवायचो. आमचं घर तळमजल्याचं होतं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर काय, हा प्रश्न मी भाचीला विचारला, तेव्हा ती गप्प झाली. गोचीड मात्र दोघांनाही सारखेच. पावसाळा संपला की भिंतीच्या फटींतून वर चढतात आणि टिक फीव्हरनं रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत रोज बोट फिरवून बघणं हाच इलाज. चिंगीच्या आखूड केसांत ते लगेच सापडतात, ब्रुनोच्या लोकरीत अर्धा तास जायचा.

कुत्र्याच्या कपड्यांवर मुलांचा जीव आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. ब्रुनोसाठी मी एका दुकानातून कुलिंग जॅकेट आणलं होतं. भिजवून घालायचं, वाऱ्यावर पाणी उडून अंग गार होतं, म्हणजे आपल्या कुलरचंच तत्त्व. कोरड्या मेमध्ये ते चालतंही. पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा भिजवावं लागतं. एकदा वाळलं की ते जॅकेट नुसती रजई होतं. माझ्याकडचं तर आतून जाड फोमचं निघालं, पाणी धरायचंच नाही. जूनच्या मध्यावर पाऊस आला, हवा चिकट झाली की कुलर जसा निकामी होतो तसंच हे जॅकेटही. घ्यायचंच तर पातळ सुती घ्या आणि ते घालून कुत्र्याला घरात एकटं सोडू नका. आम्ही शेवटी ओल्या पंचानं पोट आणि मांड्या पुसण्यावर आलो. पाठीवर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो आतली वाफ कोंडतो. आणि दया येऊन लॅबवर केस कापायचं मशीन फिरवू नका. वरचे केस उन्हापासून कातडी वाचवतात. आतली मोकळी लोकर फणीनं काढली की पुरे.

बूट दोघांनीही नाकारले. ब्रुनो पुतळ्यासारखा उभा राहिला, चिंगीनं चावून काढले. तळव्यालाच घाम येतो आणि तोच आपण झाकतो. त्यापेक्षा रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर फिरणं रद्द. आपले सिमेंटचे रस्ते संध्याकाळी सातलाही तापलेले असतात. त्यामुळे आमचं उन्हाळ्यातलं फिरणं पहाटे पाचला अंबाझरी तलावाकडे आणि रात्री साडेनऊनंतर गल्लीत.

थंडीत गणित उलटं होतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की ब्रुनो तरतरीत, त्याला स्वेटरची कधीच गरज पडली नाही. चिंगी मात्र कुडकुडते. तिला मुलाचं जुनं सुती टी-शर्ट आणि वर बिनबाह्यांचं स्वेटर. पुढचे पाय बाह्यांतून, पोटाखालचा भाग गाठ मारून आखूड, नाहीतर ओला होतो. रेनकोट पाठ वाचवतो पण पोट भिजतंच, म्हणून तो घातला तरी घरी आल्यावर बोटांमधलं पाणी टिपावंच लागतं. दिवाळीला जरीचे कुडते मिळतात, फोटोपुरते पाच मिनिटं ठीक. टिकल्या आणि बटणं पोटात जातात.

मग भाचीनं काय घ्यावं? घरात एसीची एक खोली, पहाटे पाचला उठणारं एक माणूस आणि खाण्यावर कडक नजर, हे तिन्ही असेल तर लॅब. मुलांना त्याच्यासारखा दोस्त मिळणार नाही. तिच्या घरी तिन्ही नाही. सासूबाई दुपारी कुलरच्या खोलीत असतात आणि सगळ्यांना सकाळी सातची जाग. म्हणून तिला मी गावठीच सांगितली, शक्यतो मादी, आणि वेळेवर नसबंदी करून.

लॅबच घ्यायचा ठरला, तर पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची त्याच्याआधी सहा ते आठ आठवड्यांपासून. गावठीलाही अगदी हेच, तिला लस लागत नाही हा समज कित्येक पिल्लांचा जीव घेतो. दवाखाना घराजवळचा शोधून ठेवा, आणि अडीअडचणीला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

भाची म्हणाली, "मग या रविवारीच आणतो." तिला थांबवलं. आता आणलं तर बाहेरच्या जगाची ओळख करून द्यायच्या आठवड्यांतच ऊन पेटलेलं असेल. म्हटलं, पावसाळा जाऊ दे, दिवाळीचे फटाके संपू दे, नोव्हेंबरात आण. लसी पुऱ्या होतील, थंडीत पोरं तिला घेऊन खाली हुंदडतील, आणि मार्च येईपर्यंत घरातली गार फरशी कुठली, हे तिचं तिलाच कळलेलं असेल.