गोल्डन चॅरिएट की साधी ग्रुप टूर? दोन्ही करून काही महिने झाल्यावर

"कितीला पडलं?" हा पहिला प्रश्न. "एवढं काय होतं त्यात?" हा दुसरा. आमच्या बेळगावात शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत ज्याला ज्याला कळलं त्याने हे दोनच प्रश्न विचारले.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गोल्डन चॅरिएट म्हणजे कर्नाटक फिरवणारी आलिशान रेल्वेगाडी. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा धावायला लागली तेव्हा 'प्राइड ऑफ कर्नाटक' या पाच रात्री, सहा दिवसांच्या फेरीचं भाडं माणशी ४,००,५३० रुपये होतं आणि वर ५ टक्के जीएसटी. म्हणजे एका माणसाच्या एका रात्रीला ८४ हजारांच्या वर. आमच्या खिशातून यातला रुपयाही गेला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर आमच्या ह्यांना उगाच लोक उसने मागायला येतील. अमेरिकेतल्या भाऊजींनी सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त दोन तिकिटं काढली. एक सासूबाईंचं, एक सोबतीण म्हणून माझं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात सासूबाईंसह आम्ही तिघं बेळगावातल्याच एका टूरवाल्याबरोबर राजस्थानला जाऊन आलो होतो, माणशी पस्तीस हजारांच्या आत. त्यामुळे तुलना करायला माझ्याकडे माणूस तोच आहे, गुडघे तेच आहेत आणि साखरही तीच. फोटो बघून कुणालाही दोन्ही सहली छानच वाटतील. फरक कुठे पडला ते मला घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी नीट कळलं.

आधी राजस्थान. बेळगावहून जोधपूरला थेट गाडी आहे, बेंगळुरूहून येते आणि मिरज, पुणे करत जाते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांच्या सहली तिकडच्या विमानतळावरून सुटतात. तिथवर जायचं, एक रात्र काढायची, हा खर्च त्यांच्या जाहिरातीत नसतो आणि सीमाभागातल्या माणसाने तो स्वतःच त्यात धरायचा असतो. आमच्या टूरवाल्याने सगळ्यांना बेळगाव स्टेशनावरच गोळा केलं. चिकोडी-निपाणीकडचे काही जण घटप्रभा आणि मिरजेला चढले. गाडी मिरज सोडायच्या आत चिवड्याचे डबे उघडले होते. जोधपूर येईपर्यंत कुणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय इथपर्यंत सगळं माहीत झालं.

आचारी सोबत होता. ज्यांनी अशी टूर केलेली नाही त्यांना याची किंमत कळणार नाही. जैसलमेरच्या थंडीत रात्री साडेनऊला पिठलं-भात आणि ठेचा मिळणं म्हणजे काय, हे दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी झालेल्या माणसालाच विचारा. सासूबाई परमुलखातलं जेवण दोन घास खाऊन सोडतात. तिथे एक दिवस उपाशी झोपल्या नाहीत.

टूरचा मॅनेजर पंचविशीतला खानापूरकडचा पोरगा. मेहरानगड १४५९ मध्ये राव जोधाने बांधायला घेतला, हे त्याला पाठ होतं. त्यापेक्षा कामाचं म्हणजे वर जायला पैसे भरून लिफ्ट मिळते हेही माहीत होतं. त्याने "आज्जी, तुम्ही चढू नकोसा, माझ्यासंगं चला" म्हणून सासूबाईंना लिफ्टने वर नेलं. आमच्या गाइडने इतिहास सांगितला तो मी विसरले, हे नाही विसरले.

आता दुसरी बाजू. बस. टू बाय टू, पुशबॅक, जाहिरातीत होती तशीच. जागा रोज बदलायच्या असा नियम होता, त्यामुळे मागच्या चाकावरच्या सीटचा वाटा प्रत्येकाला आला, सासूबाईंनाही. जोधपूर ते जैसलमेर २८० किलोमीटरच्या आसपास, जैसलमेर ते बिकानेर त्याहून जास्त. रस्ते उत्तम आहेत, तक्रार रस्त्याची नाही. तक्रार अशी की बस ड्रायव्हरच्या ढाब्यावर थांबते, तुमच्या गरजेला थांबत नाही. दुसऱ्या दिवसापासून बसमधल्या सगळ्या बायकांनी पाणी पिणं बंद केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. बाटली हातात, ओठ ओले करायचे आणि झाकण लावायचं. सासूबाईंना साखर, त्यात हे. परत आल्यावर लघवीच्या जळजळीची औषधं पंधरवडाभर चालली. डॉक्टर म्हणाले, सहलीवरून आलेल्या बायका दर सीझनला येतात माझ्याकडे.

बाकीचं थोडक्यात. तिघांच्या खोलीत तिसऱ्याला जमिनीवर गादी. एका मुक्कामी तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. जयपूरला आमेरचा किल्ला घाईत आणि रजयांच्या दुकानात दीड तास, त्या दुकानातून टूरवाल्याला काय मिळतं ते देव जाणे. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूवर उंटाचे पैसे वेगळे, जीपचे वेगळे. रोज पहाटे पाचला दारावर थाप, सातला बॅगा खाली. बॅग भरणं आणि उपसणं हे काम त्या सहलीत जितकं केलं तितकं मी घर बदलतानाही केलेलं नाही.

आणि आता ती गाडी.

२००८ साली कर्नाटकाच्या पर्यटन महामंडळाने सुरू केलेली, मधे बंद पडलेली, आता रेल्वेची पर्यटन कंपनी आयआरसीटीसी चालवते. बेंगळुरूहून निघून बंदीपूर, म्हैसूर, हळेबीड, चिकमगळूर, हंपी आणि गोवा. आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून बेंगळुरूला पोचलो. बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत त्यानंतर, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली, आता जाणाऱ्याला ती सोय आहे.

चकचकाटावर फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन भोजनगृहं आहेत, 'नल' आणि 'रुची'. बारचं नाव 'मदिरा', मालिशवाल्या डब्याचं 'आरोग्य'. डब्यांना राजघराण्यांची नावं, कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, चालुक्य, आदिलशाही. जेवण, ठरावीक वाइन, गाइड, बस, तिकिटं सगळं भाड्यातच. वाइन आमच्या उपयोगाची नाही. सासूबाई "तेवढे पैसे कमी करतात काय विचार की" म्हणाल्या. मी विचारलं नाही.

खरी चैन दोन गोष्टींत होती आणि दोन्ही फोटोत येत नाहीत. केबिनला लागून स्वतःचं बाथरूम. आणि बॅग एकदा उघडली ती बेंगळुरूला परत येईपर्यंत तशीच कपाटात. सासूबाई रात्री तीनदा उठतात. बिछान्यापासून चार पावलांवर दिवा, कमोड, गरम पाणी. त्या सहा दिवसांत त्या भरपूर पाणी प्यायल्या, दिवसा फिरल्या, दुपारी गाडीत येऊन आडव्या झाल्या. गाडीत झोपेला थोडे हिसके बसतात, रूळ म्हटल्यावर ते असणारच. त्यांना तेही आवडले, कारण त्यांचं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील कॅसलरॉकला होते. तेव्हा गोव्याची पोर्तुगीज हद्द तिथून सुरू व्हायची, १९६१ पर्यंत. हंपीहून गाडी हुबळी-लोंढा करत गोव्याकडे निघाली तेव्हा त्यांनी वाढप्याला समोर उभं करून सांगितलं की या घाटात सदतीस फुटाला एक फूट चढ आहे, मागे जादा इंजिनं लावावी लागतात, तू भिऊ नकोस. तो हासनकडचा पोरगा. त्याचं "ऊट आय्ता अज्जी?", म्हणजे जेवण झालं का आजी, आणि सासूबाईंचं बेळगावी कन्नड, असं दोघांचं रोज चालायचं. इतर पाहुणे इंग्रजीत बोलत होते, सभ्य होते, हसून मान हलवायचे. कुणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लोंढा जंक्शन आमच्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. रात्री तिथून जाताना सासूबाई म्हणाल्या, "इथं उतरलं तर घरी जाऊन झोपता येईल की गं." चोर्ला घाटातून अडीच-तीन तासांत गोव्याला जाऊन मासे खाऊन परत येणारी माणसं आम्ही. आम्हाला चार लाखांत गोवा दाखवणं म्हणजे जरा गंमतच होती. हळेबीड आणि हंपीचं तसं नाही. हळेबीडचा गाइड फार जाणता होता आणि ऐकणारे थोडेच असल्याने प्रश्न विचारता येत होते. राजस्थानात मागच्या रांगेतून मला फक्त गाइडच्या छत्रीचं टोक दिसायचं.

आमचा डबा 'कदंब' होता. त्या कदंबांचं हलशी गाव खानापूरपासून पंधरा-एक किलोमीटरवर आहे, बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, आणि मी त्या तालुक्याच्या शेजारी आयुष्य काढून तिथे एकदाच गेले होते. परत आल्यावर एका रविवारी सासूबाईंना घेऊन गेले. पेट्रोल आणि वाटेतला चहा एवढाच खर्च.

आता इतक्या महिन्यांनी काय उरलंय ते सांगते.

राजस्थानच्या ग्रुपचा व्हॉट्सअॅप अजून चालू आहे. सकाळी सुप्रभातचे फुलांचे फोटो येतात, ते सोडून द्या. पण निपाणीच्या काकूंनी आमच्या पुतणीला स्थळ सुचवलं, आणि घटप्रभेचे एकजण सासूबाई आजारी असताना पेरू घेऊन आले होते. गाडीवरच्या ओळखीतलं काही उरलेलं नाही, हासनचा तो वाढपी सोडून. त्याला आम्ही बेळगावची मिठाई, कुंदा, पाठवला होता, मिळाल्याचा त्याचा फोन आला.

शरीराचा हिशेब मात्र उलटा आहे. राजस्थानहून आल्यावर सासूबाई महिनाभर "आता कुठे न्यायचं नाही मला" म्हणत होत्या. गाडीहून आल्यावर आठवड्याच्या आत बदामीला कधी जायचं विचारत होत्या.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी आधी पैशाचं विचारत नाही. बरोबर कोण येणार आहे आणि ते माणूस रात्री किती वेळा उठतं, हे विचारते. पन्नाशीच्या आतलं, पाय धड असलेलं जोडपं असेल तर ग्रुप टूर करा, चांगल्या टूरवाल्याकडून करा, मजा येते. पण पैसे भरण्याआधी त्याला नेमकं विचारा: बस दर किती तासाला थांबणार, थांबतो तिथे बायकांसाठी स्वच्छ सोय आहे का, हॉटेलांना लिफ्ट आहे का, तिसऱ्याला पलंग की गादी, एका ठिकाणी सलग दोन रात्री किती वेळा आहेत. किल्ल्यांची नावं वाचत बसू नका, ती सगळ्यांच्या पत्रकात सारखीच असतात. बसच्या थांब्यांवर जो टूरवाला "होतंय की सगळं" एवढंच म्हणतो त्याला पुढचा फोन करू नका.

सत्तरीपुढचं माणूस बरोबर असेल तर आपल्या ऐपतीत त्या गाडीतल्या दोनच गोष्टी विकत घ्यायच्या, बाकीचा चकचकाट सोडायचा. आम्ही बदामी-ऐहोळे-पट्टदकल तसंच केलं. ओळखीच्या ड्रायव्हरची इनोव्हा, बदामीत लिफ्टवाल्या हॉटेलात तीन रात्री एकच खोली, बॅग एकदाच उघडायची. दुपारी परत येऊन झोप. गाडी हवी तिथे थांबते. तिघांचा सगळा खर्च राजस्थानातल्या एका माणसाच्या पैशाहून कमी आला. गप्पा मारायला निपाणीच्या काकू नव्हत्या, एवढी उणीव.

तीर्थयात्रा करायची असेल तर अजून एक मधला रस्ता आहे. कर्नाटक सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात रेल्वेच्या भारत गौरव योजनेतली काशी दर्शन गाडी सुरू केली. काशी, अयोध्या, प्रयागराज, थ्री एसी, भाडं २० हजार आणि त्यातले ५ हजार सरकारने द्यायचे, असं तेव्हा होतं. बेळगावला चढता यायचं. आमच्या गल्लीतली दोन जोडपी जाऊन आली, खूश आहेत. बॅग तिथेही काशी-अयोध्येला उतरवावी लागते आणि बाथरूम डब्याच्या टोकाला, म्हणून सासूबाईंना मी तिच्यात नेणार नाही. माझ्या बहिणीला नक्की पाठवीन. सध्याचं भाडं आणि सवलत बदललेली असू शकते, आयआरसीटीसीवर बघूनच ठरवा.

गोल्डन चॅरिएटला तारे द्यायचे तर पाचपैकी पाच, तिकीट दुसऱ्याने काढलं असेल तर. स्वतःच्या पैशाने मी जाणार नाही. भाऊजी पुढच्या वर्षी दक्षिणेची दुसरी फेरी, महाबळीपुरम-तंजावूर-कोचीन, करूया म्हणतायत. सासूबाईंनी त्यांना फोनवर सांगितलंय की तेवढ्या पैशात तू स्वतः महिनाभर घरी येऊन राहा, मी तुला हलशी दाखवते. त्यांचं अजून ठरलेलं नाही.