आईच्या हिरड्यांची ट्रीटमेंट, कोथरूडमधल्या हिरड्यांच्या स्पेशालिस्टचा अनुभव

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

आईचं वय ५८, शुगर आहे. दोन-तीन वर्षं ब्रश केला की रक्त यायचं. आधी ज्या क्लिनिकमध्ये जात होतो तिथे दर वेळी एकच उत्तर, पायरिया आहे, मग क्लिनिंग, मग गुळण्यांचं औषध आणि घरी. खालचे दोन दात हलून हलून गेले तेव्हाही तेच. पायरिया म्हणजे नेमका किती, कुठे, किती वेगाने वाढतोय हे कोणी मोजलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

इथल्या मॅडम हिरड्यांमध्येच एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी) आहेत. पहिल्या दिवशी क्लिनिंग केलंच नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळी घेऊन प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजली, २६ दात म्हणजे १५६ आकडे, मॅडम बोलतायत आणि असिस्टंट लिहितेय, अर्धा-पाऊण तास हेच. तीनपर्यंत ठीक असतं म्हणाल्या. आईचे कितीतरी आकडे सहा आणि सात आले.

मग ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, बघून कागदावर लिहिलं: पेरिओडॉन्टायटिस, जनरलाइज्ड, स्टेज ३, ग्रेड सी. स्टेज ३ ऐकल्यावर आईचा चेहराच उतरला, आमचे मोठे मामा गेल्याच वर्षी कॅन्सरने गेलेत. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली, म्हणाल्या, काकू, ही कॅन्सरची स्टेज नाही हो, घाबरू नका, आणि कागदावर दाताचं चित्र काढून सगळं समजावलं. नुसती हिरडी सुजली आणि रक्त आलं, हाड शाबूत आहे, तर ते जिंजिव्हायटिस, ते पूर्ण बरं होतं. दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं की पेरिओडॉन्टायटिस, ते हाड सहसा परत भरून येत नाही. आधार किती गेला त्यावरून स्टेज १ ते ४, त्यात यामुळे किती दात पडले तेही धरतात. आणि वेग किती त्यावरून ग्रेड ए, बी, सी.

हा ग्रेडचा हिशोब मला फार पटला. सगळ्यात वाईट दाताच्या मुळाजवळचं हाड किती टक्के गेलं त्याला वयाने भागायचं. आईचं ५० भागिले ५८, म्हणजे ०.८६, एकच्या आत, म्हणून खरं तर ग्रेड बी. पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ८.४ निघालं, आणि ते ७ किंवा जास्त असलं की ग्रेड सी. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांनाही सीच. जनरलाइज्ड का, तर २६ पैकी ११ दातांना लागण, तीस टक्क्यांच्या वर. पूर्वी १९९९ च्या पद्धतीत क्रॉनिक म्हणजे हळू वाढणारा आणि अ‍ॅग्रेसिव्ह म्हणजे झपाट्याने वाढणारा असे मुख्य भाग होते, ते डॉक्टरांनाच नीट वेगळे करता यायचे नाहीत म्हणून २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी बसून ही नवी पद्धत ठरवली, असं मॅडम म्हणाल्या.

चार सिटिंगमध्ये भूल देऊन डीप क्लिनिंग, म्हणजे हिरडीच्या आत मुळांपर्यंतची सफाई, झालं, एका वेळी तोंडाचा एक चतुर्थांश भाग. सोबत शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, कारण शुगर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. मिश्री तर त्याच दिवशी बंद करायला लावली, आईने चाळीस वर्षांची सवय सोडली, मला खूप भरून आलं. तीन महिन्यांनी परत सगळं मोजलं, सातचे आकडे चार-पाचवर आले, रक्त जवळपास थांबलं. दोन दाढा अजून सहावर आहेत, तिथे छोटं ऑपरेशन लागू शकतं हे आधीच स्पष्ट सांगितलंय. स्टेज मात्र ३ च राहणार, गेलेलं हाड गेलंच, पण रोग शांत ठेवता येतो, त्यासाठी दर तीन महिन्यांनी जायचं.

अर्धा स्टार कापला कारण अपॉइंटमेंट असूनही दोनदा तासभर बसावं लागलं, पार्किंग नाही, आणि चार्ट पूर्ण इंग्रजीत, आईला मीच वाचून दाखवते. चार सिटिंगचे १०,००० झाले.

जाताना जुना ओपीजी आणि शुगरचा रिपोर्ट सोबत न्या, आम्ही रिपोर्ट विसरलो आणि ग्रेडसाठी परत एक खेप पडली.