क्वेकर दप्तर की मॉर्मन वंशवृक्ष: आधी कुठली बाजू धरावी?

आमच्या सुनेच्या आईकडचे लोक पेनसिल्व्हेनियातले क्वेकर (युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ), वडिलांकडचे युटातले अगदी सुरुवातीचे मॉर्मन (अमेरिकेत निघालेला दुसरा एक ख्रिस्ती पंथ). नातीसाठी मी दोन्हीकडची वंशावळ लावली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत आता अशा सोयरिकी झाल्या आहेत, म्हणून लिहितोय.

वरवर पाहता मॉर्मन बाजूचं पारडं जड आहे. पूर्वज शोधणं हे त्यांच्याकडे धर्मकार्यच. 1894 मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीत वंशावळींसाठी संस्था काढली. आपल्याकडच्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्मही तिनेच काढून ठेवल्या. त्यांचं फॅमिलीसर्च हे वंशावळींचं संकेतस्थळ फुकट आहे. 1847 ते 1868 या काळात कोण कुठल्या गाड्यांच्या तांड्याबरोबर युटाला पोचलं, हेही नावानिशी शोधता येतं. नवख्या माणसाला एका बैठकीत कितीतरी पिढ्या सापडतात, आणि त्याचा आनंद मोठा असतो.

मला अडलं ते सीलिंगपाशी. नवरा-बायकोला अनंतकाळासाठी बांधण्याचा हा मंदिरातला विधी. तो लग्नाच्या दिवशीच होतो असं नाही. कधी कित्येक वर्षांनी होतो, कधी दोघंही वारल्यावर दुसरं कुणी त्यांच्या वतीने करतं. त्यात 1852 मध्ये उघडपणे जाहीर झालेलं आणि 1890 मध्ये चर्चने थांबवायला घेतलेलं बहुपत्नीत्व. शिवाय 1894 पर्यंत काही पुरुष धर्मपुढाऱ्यांना ‘मुलगा’ म्हणूनही सील होत. श्रद्धेच्या जागी हे सगळं खरंच, पण रक्ताच्या नात्याची नोंद समजून कुणी ते उतरवून घेतलं की घोळ होतो.

सुनेच्या घराण्यातली एक बाई पहिला नवरा वारल्यावर दुसऱ्याला सील झाली. एका सामाईक वंशवृक्षावर तिची सगळी मुलं दुसऱ्याच्या नावावर लागलेली. जनगणनेत मुलांचं आडनाव पहिल्याचं, वयं पहिला हयात असतानाची. मी पुरावा जोडून दुरुस्ती केली. काही दिवसांनी कुणी दूरच्या नातलगाने जुनंच परत बसवलं. पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा तेच. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण केलेलं काम जागेवर राहील याचा भरवसा नसला तर माझं मन त्यात रमत नाही. दोष मूळ दप्तराचा नाही, त्यावरून उतरवलेल्या झाडांचा आहे, हे मात्र सांगायला हवं.

क्वेकरांकडे असं काही नाही. कारकुनाने त्या महिन्याच्या सभेत (म्हणजे तिथल्या क्वेकरांच्या मासिक बैठकीत) लिहिलं ते लिहिलं. लग्न करायचं तर दोघांनी आपला इरादा सभेपुढे सांगायचा. दोघं खरोखर मोकळे आहेत ना, याची चौकशी सभेने नेमलेली माणसं करत. लग्नपत्राखाली वधूवरांच्या सह्या, मग हजर असलेल्या सगळ्यांच्या. जवळचे नातलग बहुधा उजवीकडच्या रकान्यात, वधूवरांच्या नावांखाली. सुनेच्या आजोळचं एक पत्र पाहताना मामा-मावश्यांचा अख्खा गोतावळा त्या एका रकान्यात भेटला. आणि बायकांची नावं त्यांची स्वतःची! आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत लेकीबाळींचा पत्ता लागत नाही, तिथे या बायकांची वेगळी सभा आणि वेगळं इतिवृत्त.

कटकटी इथेही आहेत. क्वेकर महिन्यांना नावाऐवजी आकडे देत, आणि 1752 पूर्वीचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. संगणक बिनदिक्कत जानेवारी करून टाकतो. चैत्रात वर्ष सुरू करणाऱ्या आपल्याला ही गणती फारशी जड जात नाही. जुन्या काळी थडग्यांवर दगड बसवायची पद्धत नव्हती, त्यामुळे स्मशानात काही हाती लागत नाही. समाजाबाहेर लग्न केलं किंवा बंदूक उचलली की माणसाला सभेतून काढत, आणि पुढचा माग चर्च, कोर्ट, जमिनीच्या कागदांत काढावा लागतो. पण काढल्याचं कारण लिहिलेलं असतं. 1776 च्या सुमारास, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, एखादा मुलगा अचानक दिसेनासा झाला तर आधी तेच पाहा.

पूर्वज 1840 नंतरचे असतील आणि हाताशी वेळ थोडा असेल, तर मॉर्मन बाजूने सुरुवात करायला हरकत नाही. फक्त लग्न आणि सीलिंग यांच्या तारखा स्वतःच्या वहीत वेगळ्या ठेवा. सवड असेल तर मी क्वेकर बाजूच धरा म्हणेन. विल्यम वेड हिन्शॉ या ऑपेरा गायकाने क्वेकर नोंदींचे सारांश खंडवार छापले. 1936 चा पहिला खंड नॉर्थ कॅरोलायनाचा. त्यात नाव सापडलं तरी तिथे थांबू नका. पेनसिल्व्हेनियाची मूळ इतिवृत्तं स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड कॉलेजांत आहेत. 1827 मध्ये क्वेकरांत फूट पडून हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे दोन गट झाले; त्यानंतरचं काही हवं असेल तर दोन्हींचं दप्तर पाहा, आणि बायकांच्या सभेचं पुस्तक वेगळं मागून घ्या.