कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: कॅलरीकडून मायक्रोवॅटकडे जाताना

इंजिनिअरिंगच्या दप्तरात हमखास सापडणारा हा कॅल्क्युलेटर. त्याच्या झाकणाच्या आत ४० रूपांतरांची यादी छापलेली असते. उष्णतेच्या एककातली शक्ती मायक्रोवॅट किंवा नॅनोवॅटमध्ये न्यायची असेल, तर त्या यादीवर विसंबू नका. शक्तीसाठी तिच्यात फक्त २९ आणि ३० आहेत, म्हणजे हॉर्सपॉवर आणि किलोवॅट. ३९ ज्यूलवरून कॅलरीसाठी, ४० कॅलरीवरून ज्यूलसाठी. बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) नाही, रेफ्रिजरेशनचा टन (थंड करण्याच्या क्षमतेचं एकक) नाही, ‘प्रति तास’ असं काहीच नाही. तासाचे ३६०० सेकंद आपणच भागायचे.

५०० कॅलरी प्रति तास घ्या. ५००, शिफ्ट, ८ (रूपांतराचं बटण), ४०, मग ÷ ३६०० आणि बरोबर. उत्तर ०.५८१३६ वॅट. इथे क्रम महत्त्वाचा. आधी ५०० ÷ ३६०० टाइप करून मागून ४० लावला, तर रूपांतर फक्त ३६०० ला चिकटतं आणि छेदात जातं. उत्तर येतं ०.०३३१८, म्हणजे साडेसतरा पटींनी कमी. एरर दिसत नाही, आकडाही अगदी अशक्य वाटत नाही, म्हणून ही चूक वहीत तशीच उतरते. भागाकार आधी करायचाच असेल तर तो कंसात ठेवा.

दुसरी अडचण कॅलरीची. या यंत्राची कॅलरी १५ अंश सेल्सिअसची आहे, म्हणजे ४.१८५८ ज्यूल. रसायनशास्त्रातली थर्मोकेमिकल कॅलरी ४.१८४ ज्यूल, आणि स्टीम टेबलवाल्यांची (वाफेचे तक्ते वापरणाऱ्यांची) आंतरराष्ट्रीय कॅलरी ४.१८६८. एक किलोकॅलरी प्रति तास यामुळे अनुक्रमे १.१६२७, १.१६२२ किंवा १.१६३० वॅट होते. बॉयलरच्या हिशोबात हा फरक कोणी विचारणार नाही. पण आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटरचा (रेणू एकमेकांना चिकटताना होणारा उष्णतेचा बारीक बदल मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख अनेकदा मायक्रोकॅलरी प्रति सेकंदात असतो. तिथे १ मायक्रोकॅलरी प्रति सेकंद म्हणजे ४.१८४ मायक्रोवॅट धरतात. ४० क्रमांक वापरला तर प्रत्येक आकडा ०.०४ टक्क्यांनी फुगतो, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी चौथ्या अंकाला ताळा बसत नाही.

म्हणून रूपांतराचं बटण सोडा आणि स्वतःचे गुणक साठवा. १०५५.०५५८५२६२ ÷ ३६०० टाइप करा, मग शिफ्ट, आरसीएल आणि कंसातल्या उणे चिन्हाचं (−) बटण; वजाबाकीचं नव्हे. ०.२९३०७१०७ हा आकडा ‘ए’मध्ये बसला. हा एका बीटीयू प्रति तासाचा वॅटमधला गुणक. पुढे १२००० × ए केलं की रेफ्रिजरेशनचा एक टन, ३५१६.८५ वॅट. यंत्र बंद केलं तरी साठवलेला आकडा जात नाही. मात्र शिफ्ट, ९ मधून मेमरी किंवा ‘ऑल’ पुसलं की सगळं गेलं. परीक्षेआधी यंत्र रिसेट करायला लावत असतील तर गुणक पाठ असलेला बरा.

या यंत्राची खरी कमाई म्हणजे ईएनजी बटण. ०.५८१३६ वर एकदा दाबलं की ५८१.३६ आणि दहाचा उणे ३ घात: मिलिवॅट. पुन्हा दाबलं की उणे ६: मायक्रोवॅट. पुढे उणे ९: नॅनोवॅट. आधी शिफ्ट दाबून मग ते दाबलं की उलट दिशेने. दशांशचिन्ह बोटाने सरकवत बसण्यात ज्या चुका होतात, त्या इथे होत नाहीत. उत्तर अपूर्णांकात आलं तर आधी एस-डी बटणाने दशांशात आणा. मिली, मायक्रो, नॅनो ही अक्षरं मात्र या मॉडेलमध्ये दिसत नाहीत. जुन्या, स्वस्त ९९१एमएसमध्ये ती सोय होती, नंतरच्या ९९१ईएक्समध्ये परत आली. मधल्याच भावाला का वगळलं, कोण जाणे.

अगदी लहान शक्तीचं काम असेल तर स्थिरांकांची यादीही उपयोगी. शिफ्ट, ७, २५ हा बोल्ट्झमनचा स्थिरांक. त्याला २९० केल्विन तापमान आणि १० लाख हर्ट्झच्या पट्ट्याने गुणा, की उष्णतेमुळे सर्किटमध्ये येणाऱ्या गोंगाटाची शक्ती मिळते. उत्तर सुमारे ४.००४, घात उणे १५, म्हणजे चार फेम्टोवॅट. हे उत्तर एका मिलिवॅटने भागून लॉग घ्या आणि १० ने गुणा. उणे ११३.९८ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल). भागताना मिलिवॅट लिहायला दहाच्या घाताचं खास बटणच वापरा. ÷ १ × १० करून घात लावलात तर भागाकार आधी होतो आणि गुणाकार नंतर, आणि उत्तर उणे १७३.९८ येतं.

तापमानाबाबत दोन खड्डे. उणे ३१ सेल्सिअसचं फॅरनहाइट काढताना उणे चिन्हासकट आकडा कंसात ठेवा. तसं केलं तर उणे २३.८ येतं, नाहीतर उणे ८७.८. आणि तापमानातल्या फरकासाठी ३७ (फॅरनहाइटवरून सेल्सिअस) किंवा ३८ (उलट) कधीच वापरू नका. १० फॅरनहाइट अंशांचा फरक म्हणजे ५.५६ केल्विन, पण यंत्र ३२ वजा करून उणे १२.२२ देतं. उष्णतागळतीचं गणित प्रति अंश मायक्रोवॅटमध्ये मांडताना हीच चूक सर्वात जास्त होते.

घ्यायचा का? लहान घातांच्या आकडेमोडीसाठी जरूर. उष्णतेच्या एककांसाठी म्हणून घेत असाल तर झाकणावरच्या यादीला भुलू नका, आणि बजेट असेल तर ईएक्स बघा.