हायड्रोपोनिक टबमध्ये मुळा-गाजर: सहा महिन्यांनंतर, आणि तो ओव्हरफ्लो पाइप

पालक-लेट्यूससाठी हा हायड्रोपोनिक (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर भाजी वाढवायचा) टब झकास, पंपाची एक तक्रार नाही, ते सगळीकडे वाचलंच असेल. मी लिहितोय मुळा-गाजरासाठी, म्हणजे खरं तर त्या ओव्हरफ्लो पाइपसाठी. ठरावीक पातळीच्या वरचं पाणी बाहेर सोडणारा हा पाइप कंपनीने चिकटवून दिलाय! पाणी तळापासून 6 इंच राहणार म्हणजे राहणारच.

दिवाळीनंतरच्या पहिल्या खेपेत मुळ्याला पाला हा एवढा आणि खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. गाजरांना फाटे, अंग केसाळ, टोकं काळी पडलेली. सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले तर म्हणे न्यूट्रिएंट वाढवा. अहो पाला जोमात आहे, खत कुठे कमी पडतंय, मुळाला हवा नाहीये! टोक पाण्यात गुदमरून मेलं की बाजूने फाटे फुटतात. शिवाय पातळी दाखवणाऱ्या काचेत 6 इंच दिसतात पण कोकोपीट (मातीऐवजी भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी वर ओढतं, बोट घातलं तर पार वरपर्यंत चिखल. एअर स्टोनने (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाने) टाकीतल्या पाण्यात हवा जाते, या चिखलात नाही. बीट त्यातल्या त्यात बरं आलं, त्याचा गड्डा बराचसा वरच पोसतो.

पातळी बदलता येणारा पाइप 850 रुपये, वर कुरियर वेगळं. नाही घेतला. हॅकसॉ ब्लेडने आहे तोच 2 इंचावर कापला, हार्डवेअरच्या दुकानातून कपलर (पाइपचा जोड) आणि पाइपचा तुकडा आणला, पन्नासच्या आत काम. बी उगवेपर्यंत तुकडा लावून पाणी वर ठेवायचं, मूळ खाली उतरायला लागलं की तुकडा काढायचा. कोकोपीटमध्ये निम्मं परलाइट (हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खडे) घातलं. पुढची गाजरं आखूड आली पण सरळ, एकाला फाटा नाही!! मी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, आता चार देतोय.

उन्हाळ्यात जास्त जपा, 20 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच, आणि गरम पाण्यात मुळांना तो उलट जास्त लागतो. एप्रिलात पुसा चेतकी जातीचा मुळा लावला, 2 इंचावर मस्त पोसला. फक्त टाकी कोरडी पडू देऊन मग एकदम भरू नका, मुळा तडकतो.

पाइप कापला म्हणून वॉरंटी गेली असं परवा कळवलंय त्यांनी. पाइप नुसता दाबून बसवून द्या ना, चिकटवता कशाला?