आठ महिन्यांच्या वापरानंतर: ओपनडब्ल्यूआरटी राउटर आणि ड्रॉप होणारी पॅकेट्स
आमच्या कर सल्लागार कार्यालयात १६ संगणक आहेत आणि बाहेरची लाइन १०० एमबीपीएसची फायबर आहे. आठ महिन्यांपूर्वी जुना राउटर काढून ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली) चालणारा राउटर बसवला. दुपारनंतर अशिलांशी चाललेल्या कॉलमध्ये आवाज तुटत असे आणि जीएसटी विवरणपत्रांची २० तारीख जवळ आली की तक्रारींना ऊत येई. जुन्या राउटरवर लाइन चालू आहे की बंद, यापलीकडे काही पाहण्याची सोयच नव्हती.

नव्या राउटरवर 'आयपी -एस लिंक' (ip -s link) ही कमांड दिली की प्रत्येक इंटरफेसवरून, म्हणजे राउटरच्या प्रत्येक जोडणीवरून, आलेली-गेलेली पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे), एरर (बिघडलेली) आणि ड्रॉप (टाकून दिलेली) यांचे आकडे समोर येतात. हे आकडे राउटर सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, म्हणून दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहून फरक काढावा लागतो. आत येणाऱ्या ड्रॉपचा मोठा आकडा पाहून लगेच घाबरू नये, कारण लिनक्स ज्या प्रोटोकॉलची पॅकेट्स ओळखत नाही तीही याच रकान्यात मोजली जातात. मी पहिला आठवडा याच आकड्यामागे घालवला.

खरा दोष एररच्या रकान्यात होता. 'एथटूल -एस' (ethtool -S, यातला एस कॅपिटल) ने तपशील काढला तेव्हा बाहेरची लाइन जिथे जोडतात त्या वॅन पोर्टवर सीआरसी एरर, म्हणजे डेटाच्या पडताळणीत आढळणाऱ्या चुका, दर मिनिटाला वाढताना दिसल्या. म्हणजे फ्रेम (तारेवरून जाणारे पॅकेट ज्यात गुंडाळलेले असते ती चौकट) तारेवरच बिघडून पोहोचत होती आणि राउटर ती टाकून देत होता. ओएनटीला (फायबर ज्यात येते त्या कंपनीच्या डब्याला) ५६ बाइटांचे २०० पिंग, म्हणजे उत्तर मागणारे चाचणी संदेश, पाठवले तर एखादाच हरवत असे, १४०० बाइटांचे मात्र १४ हरवले. फ्रेम जितकी मोठी तितकी तिच्यातला एखादा बिट बिघडण्याची शक्यता जास्त. लिंक १००० एमबीपीएसवरच टिकून होती, त्यामुळे केबलवर कोणाचा संशय गेला नव्हता. शोध घेता ओएनटीकडून येणारी केबल सरकत्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीखालून गेलेली आढळली. रोज खिडकी लावताना दाबली जाऊन ती चपटी झाली होती, एका जागी आवरण फाटून तांब्यावर हिरवट थर चढला होता. नवी कॅट-६ केबल दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली आणि त्या संध्याकाळपासून सीआरसीचा आकडा जागचा हललेला नाही.

तरीही दुपारी तीनच्या सुमारास आवाज तुटणे पूर्ण थांबले नाही आणि राउटरवर बाहेर जाणारे ड्रॉप शून्य होते. हे शून्यच फसवे होते. राउटर ओएनटीला १००० च्या वेगाने पॅकेट्स देत होता आणि पुढची लाइन १०० ची होती, तेव्हा तीन वाजता सुरू होणाऱ्या क्लाउड बॅकअपची रांग राउटरमध्ये न साचता त्याच्या पलीकडे, आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी साचत होती. एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सुविधेत केक (CAKE) ही पद्धत निवडून अपलोड ९२ एमबीपीएसवर बांधल्यावर ती रांग राउटरमध्ये आली. आता रांगेचे आकडे दाखवणाऱ्या 'टीसी -एस क्यूडिस्क' (tc -s qdisc) मध्ये ड्रॉपचा आकडा रोज वाढतो, कारण केक बॅकअपची काही पॅकेट्स जाणीवपूर्वक टाकून त्याला वेग कमी करायला लावतो आणि कॉलच्या पॅकेट्सना वाट मोकळी ठेवतो. ड्रॉप वाढले आणि आवाज तुटणे थांबले, हे मला कितीतरी वेळा सहकाऱ्यांना समजावून सांगावे लागले आहे.

उणिवाही आहेत. केकसाठी हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (प्रोसेसरला वगळून पॅकेट्स थेट चिपमधून पुढे पाठवण्याची सोय) बंद ठेवावे लागते, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. आमच्या १०० एमबीपीएसला तो पुरतो, पण याहून बरीच वेगवान लाइन असेल तर प्रोसेसर पाहूनच राउटर घ्यावा. दुसरी अडचण अधिक जाचक आहे. लॉग मेमरीतच राहतो आणि राउटर बंद करून चालू केला की तो आणि सगळे आकडे पुसले जातात. नेट अडले की आधी राउटरचा विजेचा स्विच बंद करण्याची कार्यालयातली सवय जुनी आहे, म्हणून मी स्विचवर चिठ्ठी चिकटवली आहे: बंद करण्याआधी आकड्यांच्या पानाचा फोटो काढून ठेवावा.