गाईचा संच, पण वासराला अपुरा

२०२२ च्या लम्पीच्या साथीनंतर रावेर-यावलकडच्या गुरांच्या प्रतिकारशक्तीवर काही काम करावे, असे आमच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतले आणि त्यासाठी आम्ही गोवंशाच्या रक्तपेशी ओळखणारा तीन प्रतिपिंडांचा (पेशीवरच्या ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनांचा) संच मागवला. त्यात टी पेशींवरील सीडी४ या खुणेसाठी सीसी८, सीडी८ साठी सीसी६३ आणि बी पेशींवरील सीडी२१ साठी सीसी२१ हे क्लोन (प्रतिपिंडांचे ठरावीक वाण) होते. माणसासाठी बनवलेले सीडी४ चे बहुतेक प्रतिपिंड गाईच्या पेशींना चिकटतच नाहीत (मोनोसाइट पेशींवरील सीडी१४ चा ट्यूक४ हा क्लोन त्याला सुखद अपवाद आहे), त्यामुळे हे गोवंशाचेच क्लोन मिळाले, यातच निम्मे काम झाले.

गुण आधी सांगतो. दुभत्या गाईच्या रक्तातील लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडून उरलेल्या पेशी रंगवल्या आणि पुण्यात भाड्याने मिळालेल्या फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून प्रकाशाने तपासणाऱ्या यंत्रावर) नेल्या, तेव्हा सीडी४ आणि सीडी८ चे ठिपके दोन वेगळ्या बेटांसारखे उमटले. फिटसी या रंगाचा हिरवा प्रकाश पीई या दुसऱ्या रंगाच्या नारिंगी खिडकीत थोडा झिरपतोच; पण एकेका रंगाच्या नळ्या सोबत चालवल्या असल्याने तो वजा करता आला.

खरी अडचण दोन महिन्यांच्या कालवडीच्या नमुन्यात आली. लसिकापेशींचा (टी आणि बी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा) एक मोठा पुंजका तिन्ही खुणांना नकार देऊन पडद्याच्या कोपऱ्यात बसला होता. रंग बिघडला असे समजून विद्यार्थ्यांनी सारे पुन्हा केले, तरी तो तिथेच. हा पुंजका गॅमा-डेल्टा टी पेशींचा, म्हणजे टी पेशींच्या एका वेगळ्या प्रकाराचा असावा; वासरांच्या रक्तात त्यांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांतील बहुतेकींवर डब्ल्यूसी१ ही खूण असते, जी माणसात नाही. संचाची आखणी माणसाच्या पेशींचा नमुना समोर ठेवून झाली असावी, नाहीतर गोवंशाच्या संचात हीच खूण गाळण्याचे कारण मला दिसत नाही.

पुरवठादाराबद्दल थोडेच लिहितो. दोन ते आठ अंशांत राहायला हवा तो माल मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या जळगावात, पाणी झालेल्या बर्फाच्या पिशव्यांसह दुपारी दारात आला. गाईचा नमुना नीट उमटला, हे आमचे नशीब.

पुढच्या वेळी हाच संच घेईन, मात्र थंडीच्या दिवसांत, आणि डब्ल्यूसी१ साठी सीसी१५ ची कुपी वेगळी मागवून.